खरं लिहू की बरोबर?

आदिलाबादच्या आमच्या घरात सध्या तीन भाषांमध्ये रसायनशास्त्र चालू असतं. भाची दहावीत आहे. तिची शाळा इंग्रजी माध्यमाची, ट्यूशनचे सर तेलुगू, आणि घरी अभ्यास घेणारी आई, म्हणजे माझी वहिनी, सीमेपलीकडच्या किनवटची, बालभारतीच्या पुस्तकांवर वाढलेली. (पलीकडची असं आपण आता म्हणतो. १९५६ पर्यंत किनवट आदिलाबाद जिल्ह्यातच होतं.) वहिनी सांगते, "आम्ल आणि आम्लारी मिसळले की क्षार आणि पाणी तयार होतं." सर सांगतात, "आम्लम् आणि क्षारम् मिसळले की लवणम् आणि पाणी तयार होतं." मग पोर विचारते, क्षार नक्की कुठे आहे, आधी की नंतर?

दोघंही बरोबर आहेत. मराठी शाळेत क्षार म्हणजे मीठवर्गातला पदार्थ. तेलुगूत आणि हिंदीतही क्षार म्हणजे आम्लाच्या विरुद्ध बाजूचा गडी, आणि मिठाला लवण. एकाच संस्कृत शब्दाला शेजारशेजारच्या भाषांनी दोन वेगवेगळ्या खुर्च्यांवर बसवलं आहे. सीमेवरच्या मुलांना हे असले गोंधळ रोजचे. माझे आजोबा निजामाच्या अमदानीत उर्दूतून शिकले, त्यामुळे ते ॲसिडला शेवटपर्यंत 'तेजाब'च म्हणत. हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली सुरू झालं ते उर्दू माध्यमाचं, आणि विज्ञानसुद्धा तिथे उर्दूतूनच शिकवलं जाई. घरात तेजाब, आम्ल, आम्लम् आणि ॲसिड असे चारही शब्द नांदून गेले.

ॲसिड आणि बेस एकमेकांना शमवतात त्या क्रियेला मराठीत उदासीनीकरण म्हणतात, तेलुगूत तटस्थीकरण. मला तेलुगूचा शब्द जास्त आवडतो, हे मराठी मंडळाच्या अंकात लिहायला हरकत नसावी. उदासीन म्हटलं की कुणीतरी गुडघ्यात मान घालून बसलंय असं वाटतं, आणि ही क्रिया तर चांगली गरमागरम असते. त्या गरमपणाबद्दलच हा लेख आहे.

मी हैदराबादेत अकरावी-बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवते. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात रात्री भाचीचा फोन आला. शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. तिनं आणि तिच्या मैत्रिणीनं मिळून विषय घेतला होता, 'उदासीनीकरणात तापमान किती वाढतं?' शाळेच्या प्रयोगशाळेतून सरांच्या देखरेखीखाली त्यांना हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि सोडियम हायड्रॉक्साइडची द्रावणं मिळाली, दोन्ही एक मोलर. प्रत्येकी ५० मिलि. दोन्हींचं तापमान १४ अंश होतं. बीकरमध्ये ॲसिड होतं, त्यात दुसरं द्रावण एकदम ओतलं, ढवळलं, पारा चढत १९.५ वर थांबला. वाढ ५.५ अंश. तीनदा केलं. ५.५, ५.५, ५.

पुस्तकातल्या आकड्यावरून हिशोब केला तर वाढ ६.८ यायला हवी होती.

तक्ते रंगवायचे चालू असताना कुणीतरी मोठ्या माणसानं त्यांना जाताजाता सल्ला दिला की ६.८ लिहून टाका, परीक्षक पुस्तकातलाच आकडा बघतात. मैत्रिणीला ते पटलं. तिचंही खरंच होतं. तिला नंबर हवा होता, आणि दोघींचा मिळून एकच तक्ता होता. आमच्या भाचीला पटत नव्हतं, पण का पटत नाही हे सांगता येत नव्हतं. फोनवर ती मला म्हणाली, "आत्या, खरं लिहू की बरोबर?"

वीस-बावीस वर्षं शिकवतेय. इतका नेमका प्रश्न मला कुणी विचारलेला आठवत नाही. प्रयोगवहीत उत्तरापासून उलटं मागे येत निरीक्षणं भरणारी मुलं मी दरवर्षी पाहते. त्यांना ही लबाडी वाटतच नाही, नीटनेटकेपणा वाटतो. म्हणून तिला मी लगेच 'खरं लिही' असं सांगितलं नाही. ते सांगणं सोपं आहे, आणि मग मैत्रिणीशी भांडण तिला एकटीला करावं लागलं असतं. मी म्हटलं, "आधी हे शोधू, की उरलेले १.३ अंश गेले कुठे. ते सापडले तर प्रश्नच उरणार नाही."

आता थोडं मागे जाऊन बघू, हा ६.८ आला कुठून.

ॲसिड पाण्यात विरघळलं की त्यातून हायड्रोजनचे धनभारित आयन सुटतात. सोडियम हायड्रॉक्साइडमधून हायड्रॉक्साइडचे ऋणभारित आयन सुटतात. दोन द्रावणं एकत्र आली की हे दोघे एकमेकांना धरतात आणि पाण्याचा रेणू बनतो. बंध तयार होताना ऊर्जा बाहेर पडते, तीच आपल्याला उष्णता म्हणून जाणवते. सोडियम आणि क्लोराइड हे आयन लग्नातल्या वऱ्हाडासारखे, आधीही मोकळे आणि नंतरही मोकळे. म्हणूनच हायड्रोक्लोरिकच्या जागी नायट्रिक ॲसिड घ्या, सोडियमच्या जागी पोटॅशियम हायड्रॉक्साइड घ्या, उष्णता जवळजवळ तेवढीच येते, एक मोल पाणी तयार होताना सुमारे ५७ किलोज्यूल. नावं बदलली तरी घडतं तेच. एकोणिसाव्या शतकातल्या रसायनशास्त्रज्ञांना हा सारखेपणा मोठं कोडं वाटत होता. स्वीडनच्या स्वांटे अऱ्हेनियसनं १८८० च्या दशकात आयनांची कल्पना मांडली तेव्हा ते सुटलं. १९०३ चं नोबेल त्याला मिळालं.

त्याच्याही आधी, १८४० साली, सेंट पीटर्सबर्गमध्ये जर्मेन हेस नावाचा एक माणूस हेच करत बसला होता. जिनिव्हात जन्मलेला, लहानपणी रशियात गेलेला. त्यानं सल्फ्युरिक ॲसिड कधी थेट शमवलं, कधी आधी पाणी घालून पातळ केलं आणि मग शमवलं. पाणी घालतानाही उष्णता निघते आणि शमवतानाही. दोन्हींची बेरीज दरवेळी तीच आली. बारावीच्या पुस्तकातला हेसचा नियम तो हाच. आदिलाबादच्या मुलांना मी तो असा सांगते: नांदेडहून मुदखेड, किनवट करत रेल्वेनं या, नाहीतर भैंसा, निर्मल करत महबूब घाट चढून गाडीनं या. नांदेड आणि आदिलाबाद यांच्या उंचीतला फरक बदलणार नाही. वाटेत घाट लागला की नाही, याची त्या फरकाला फिकीर नसते.

आता हिशोब. ५० मिलि एक मोलर द्रावणात एक विसांश मोल असतो. म्हणजे उष्णता ५७.१ भागिले २०, सुमारे २.८५ किलोज्यूल. जुन्या पद्धतीनं सांगायचं तर ६८३ कॅलरी. मला इथे कॅलरीच आवडते, कारण एक ग्रॅम पाणी एक अंशानं तापवायला एक कॅलरी लागते आणि डोक्यात हिशोब करता येतो. दोन्ही द्रावणं मिळून १०० ग्रॅम. (द्रावण पाण्यापेक्षा थोडं वेगळं असतं, पण आपल्या कामापुरतं पाणीच समजू.) ६८३ भागिले १००, म्हणजे ६.८ अंश.

इथेच मुलांना माझा एक आवडता प्रश्न विचारते, तुम्हीही घरी विचारून बघा. ५०-५० ऐवजी १००-१०० मिलि घेतलं तर तापमान किती वाढेल? बहुतेक मुलं 'दुप्पट' म्हणून मोकळी होतात. उष्णता दुप्पट होते खरी, पण तापवायचं पाणीही दुप्पट होतं. वाढ तीच, ६.८. द्रावण निम्म्या तीव्रतेचं घेतलं, तर मात्र वाढ निम्मी.

सहा-सात अंश म्हणजे काही फार नाही असं वाटू शकेल. आपल्या नेरडिगोंड्याजवळचा कुंतालाचा धबधबा डोळ्यांसमोर आणा. कडम नदी तिथे सुमारे ४५ मीटर खाली कोसळते. जेम्स ज्यूल हा इंग्रज शास्त्रज्ञ १८४७ साली लग्नानंतरच्या सहलीत आल्प्समध्ये थर्मामीटर घेऊन धबधब्याच्या वरच्या आणि खालच्या पाण्याचं तापमान मोजायला निघाला होता, अशी आठवण त्याचा मित्र विल्यम टॉमसन यानं लिहून ठेवली आहे. पडणाऱ्या पाण्याची ऊर्जा उष्णतेत बदलायला हवी, हे त्याचं म्हणणं. कुंतालाला हा हिशोब लावला तर एवढ्या उंचीवरून पडून पाणी तापेल ते जेमतेम ०.१ अंश. पाण्याचं तापमान ६.८ अंशांनी वाढवायला ते जवळजवळ २९०० मीटरवरून पाडावं लागेल, म्हणजे कळसूबाईच्या पावणेदोन पट उंचीवरून. तेवढी ऊर्जा शाळेतल्या दोन परीक्षानळ्यांइतक्या द्रावणात शांत बसलेली असते.

संक्रांतीला मी आदिलाबादला गेले. तिळगूळ वाटून झाल्यावर अंगणात आमची प्रयोगशाळा मांडली. ॲसिड वगैरे काही नाही, ते शाळेतच राहू दिलं. शाळेतल्यासारखाच एक काचेचा बीकर, एक साधा थर्मामीटर आणि पाणी. आदिलाबादची थंडी तुम्हाला ठाऊक असेल. तेलंगणात सगळ्यात आधी शेकोट्या पेटतात त्या आमच्याकडे. थंड पाणी वेगळं करायची गरजच नव्हती, नळाचंच १४ अंशांचं होतं.

बीकरमध्ये ५० मिलि थंड पाणी, १४ अंश. दुसरीकडे ५० मिलि कोमट पाणी, ३४ अंश. कोमट पाणी बीकरमध्ये ओतलं. मधोमध म्हणजे २४ यायला हवं. आलं २२.

भाचीनं पुन्हा केलं, पुन्हा २२. तिसऱ्यांदा २२ च्या किंचित वर. मग तिलाच हिशोब करायला बसवलं. कोमट पाणी ३४ वरून २२ वर आलं, १२ अंश उतरलं, म्हणजे ५० गुणिले १२, ६०० कॅलरी त्यानं दिल्या. थंड पाणी १४ वरून २२ वर गेलं, ८ अंश, म्हणजे ४०० कॅलरी त्यानं घेतल्या. दिल्या ६००, घेतल्या ४००. २०० कॅलरी कुणी खाल्ल्या?

ती बीकरकडे बघत बसली. मग हात लावून बघितला. "आत्या, काच गरम झालीय."

काचसुद्धा तापते, आणि तापायला उष्णता घेते. काचेनं ८ अंश चढताना २०० कॅलरी घेतल्या, म्हणजे दर अंशाला २५. थोडक्यात हा बीकर उष्णतेच्या हिशोबात २५ ग्रॅम पाण्यासारखा वागतो. शेजारच्या किराणा दुकानात जाऊन बीकरचं वजन केलं तर ते ११० ग्रॅम भरलं. काच पाण्याच्या साधारण एक पंचमांशच उष्णता धरते, म्हणजे काचेचे २२ ग्रॅम. उरलेले दोन-तीन ग्रॅम थर्मामीटरचे आणि हवेत निसटलेल्या उष्णतेचे. जुळलं.

आता तिच्या मूळ प्रयोगाकडे जाऊ. ६८३ कॅलरी १०० ग्रॅम द्रावणात नाही, तर १२५ ग्रॅममध्ये वाटल्या गेल्या होत्या. ६८३ भागिले १२५ किती होतात, हे तिनं माझ्याकडे न बघता वहीत केलं. ५.४६.

म्हणजे तिचं ५.५ हे निरीक्षण चुकीचं नव्हतंच. त्या बीकरमध्ये तेच यायला हवं होतं. उलट, त्या काचेच्या बीकरमध्ये ६.८ आलं असं जो लिहील, त्याला काच उष्णता घेत नाही हे सिद्ध करावं लागेल. पुस्तकातला ६.८ हा आकडा अशा भांड्याचा आहे जे स्वतः काहीच तापत नाही. तसं भांडं बाजारात मिळत नाही.

मग कागदी कप आणले, एकात एक घालून दोन. चहावाल्याकडचे साधे. तोच कोमट पाण्याचा प्रयोग केला. २३.५ आलं. दिल्या ५२५ कॅलरी, घेतल्या ४७५, कपानं खाल्ल्या फक्त ५०. म्हणजे कप पाच-सहा ग्रॅम पाण्याइतकाच. सुट्टीनंतर तिनं शाळेत सरांसमोर मूळ प्रयोग कपात केला. वाढ ६.५. ६८३ भागिले १०५ करून बघा.

बारावीच्या मुलांसाठी थोडं जास्त. सीबीएसईच्या प्रयोगपुस्तिकेत हा प्रयोग आहे, आणि तिथेही आधी कॅलरीमापकाचा असाच हिशोब काढायला लावतात. मुलं तो भाग कंटाळून उरकतात. खरं तर सगळी गंमत त्यातच आहे. शिवाय ॲसिड ओतल्यावर फक्त सर्वांत वरचा आकडा न घेता दर अर्ध्या मिनिटाला तापमान लिहा आणि आलेख काढा. पारा चढून मग हळूहळू उतरतो. उतरणारी रेघ मागे वाढवून मिसळण्याच्या क्षणापर्यंत नेली, की मधल्या वेळात हवेत गेलेली उष्णताही हिशोबात येते. थर्मामीटर मात्र प्रयोगशाळेचा हवा. तापाचा चालत नाही, तो ३५ अंशांच्या खाली बघतच नाही.

आणखी एक प्रयोग सुचवते, तो मला फार सुंदर वाटतो. एकूण १०० मिलि ठेवायचं, पण वाटणी बदलायची. १० मिलि ॲसिड आणि ९० मिलि बेस, मग २०-८०, ३०-७० असं करत ९०-१० पर्यंत. दरवेळची वाढ आलेखावर मांडली की एक तंबू तयार होतो. दोन्ही बाजूंनी चढणाऱ्या सरळ रेघा आणि मध्ये टोक. टोक बरोबर तिथे, जिथे ॲसिड आणि बेस एकमेकांना पुरे पडतात. फिनॉल्फ्थॅलीन नको, लिटमस नको, रंगच नको. नुसत्या थर्मामीटरनं शमनाचा बिंदू सापडतो. उद्योगांच्या प्रयोगशाळांत ही पद्धत खरोखर वापरतात, रंगीत किंवा गढूळ द्रावणांसाठी, जिथे दर्शकाचा रंग दिसतच नाही.

पुस्तकांमधले आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, ही तक्रारही मुलं करतात. माझ्या कॉलेजच्या जुन्या पुस्तकात १३.७ किलोकॅलरी होतं, म्हणजे ५७.३ किलोज्यूल. काही पुस्तकांत ५७.१, काहींत ५५.८. छपाईची चूक कुठेच नाही. ही उष्णता तापमानावर अवलंबून असते. २० अंशांना ५७ च्या आसपास, २५ अंशांना ५५.८. दर अंशामागे साधारण ०.२ किलोज्यूलनं कमी होत जाते. आदिलाबादच्या जानेवारीतल्या सकाळी, १४ अंशांवर, ती ५८ च्या जवळ असणार. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो. तेव्हा सावलीतल्या ४० अंशांच्या खोलीत हाच प्रयोग केला तर ती ५३ च्याही खाली येईल. वर्षभर एकाच बाकावर, एकाच कपात प्रयोग केला तर थंडीत पारा उन्हाळ्यापेक्षा अर्ध्या अंशाहून जास्त चढायला हवा. शाळेच्या थर्मामीटरवर हा फरक कसाबसा दिसेल, पण दिसेल. कुणी तरी केला पाहिजे हा प्रयोग. भाची म्हणते मे महिन्यात ती करणार नाही, तेव्हा ती हैदराबादला माझ्याकडे एसीत बसणार आहे.

दुर्बळ ॲसिडांचं थोडं वेगळं असतं. अमोनियासारखा दुर्बळ बेस हायड्रोक्लोरिकबरोबर घेतला तर ५७ ऐवजी सुमारे ५१.५ च मिळतात, कारण त्याला आधी स्वतःचे आयन मोकळे करायला खर्च येतो. व्हिनेगरमधलं ॲसिटिक ॲसिडही दुर्बळच, पण त्याचा हा खर्च अगदी किरकोळ, त्यामुळे उष्णता जवळपास पूर्ण मिळते. दुर्बळ म्हणजे थंड, असं समीकरण करू नका.

आता आईबाबांसाठी. सोडियम हायड्रॉक्साइड आणि हायड्रोक्लोरिक ॲसिड ही शाळेत, शिक्षकांसमोर, डोळ्यांना चष्मा लावून हाताळायची रसायनं आहेत. संडास साफ करायच्या बाटलीत हायड्रोक्लोरिक असतं आणि तुंबलेली मोरी मोकळी करायच्या पुडीत कॉस्टिक असतं, म्हणून घरीच हा प्रयोग करून बघू, असं कुणाच्या डोक्यात आलं तर ते तिथेच थांबवा. त्यांची तीव्रता शाळेच्या द्रावणापेक्षा कितीतरी जास्त असते, आणि वाढ सहा-सात अंशांवर थांबणार नाही.

याच उष्णतेमुळे एक नियम आहे, तो मुलांना पाठ असावा. अंगावर ॲसिड उडालं तर त्यावर सोडा किंवा चुना चोळायचा नाही. भरपूर वाहत्या पाण्यानं धुवायचं, बराच वेळ. 'ॲसिडवर बेस टाकला की संपलं' हे वहीत ठीक, पण कातडीवर ते शमन उष्णता सोडतं आणि भाजल्यावर आणखी भाजतं. पानाच्या चुन्याची पुडी तर आपल्या कितीतरी घरांत आजी-आजोबांच्या डब्यात असते. निरुपद्रवी वाटते. लहान मूल ती दाबतं, पुडी फुटते आणि चुना डोळ्यांत जातो. चुना हा बेस आहे, डोळ्याला तो ॲसिडपेक्षाही वाईट, कारण आत आत शिरत जातो. लगेच पाण्यानं धुवत राहायचं आणि डॉक्टरांकडे पळायचं. पुडी मुळात उंचावर ठेवायची.

चुन्यावरून आठवलं. दिवाळीआधी घराला सफेदी करताना पिंपात कळीचा चुना टाकून पाणी ओतत, आणि पाणी अक्षरशः उकळायला लागे, ते आमच्या पिढीनं पाहिलं आहे. ते उदासीनीकरण नव्हे, तिथे ॲसिड नसतंच. चुनखडी भट्टीत भाजताना तिच्यात जी उष्णता घातलेली असते, तिचाच काही भाग ती पाणी मिळाल्यावर परत करते. दहावीच्या पुस्तकात कळीच्या चुन्यावर पाणी टाकून भांड्याला हात लावून बघायचा प्रयोग आहे. आदिलाबादच्या जमिनीत चुनखडी भरपूर आहे, सिमेंट कॉर्पोरेशनचा कारखाना इथे त्याच जोरावर आला होता. तो कधीपासून बंद पडलाय, ही दुसरी गोष्ट.

घरी करायला सगळ्यात चांगला प्रयोग म्हणजे खायचा सोडा आणि व्हिनेगर. कागदी कपात अर्धा कप व्हिनेगर, थर्मामीटर आत, आणि चमचाभर सोडा. फेस येईल. तापमान किती वाढेल ते आधी कागदावर लिहा आणि मग बघा.

विज्ञान प्रदर्शनात आमच्या मुलींनी तक्त्यावर दोन्ही आकडे लिहिले. बीकरचा ५.५, कपाचा ६.५. खाली पुस्तकातला ६.८. बाजूला किराणा दुकानातलं बीकरचं वजन आणि कोमट पाण्याचा हिशोब. मैत्रिणीनं चित्र काढलं, काचेच्या बीकरला तोंड आहे आणि तो २०० कॅलरी गिळतोय. परीक्षकांनी विचारलं, "म्हणजे तुमचं उत्तर चुकलं का?" भाची म्हणाली, "नाही सर, भांडं मोजायचं राहिलं होतं. ते मोजलं." त्यांनी मान हलवली आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

नंबर आला नाही. पहिला नंबर ज्वालामुखीच्या मॉडेलला मिळाला. मातीचा डोंगर, वर लाल रंग घातलेला सोडा, आणि व्हिनेगर ओतलं की तोंडातून फसफसत लाव्हा. टाळ्याही भरपूर पडल्या. बक्षीस समारंभ संपल्यावर दोघी थर्मामीटर घेऊन तिकडे गेल्या आणि ज्वालामुखीवाल्या मुलाला पुन्हा एकदा उद्रेक करायला लावला. त्यानंही हौसेनं केला. सोड्यातून निघणारा वायू जाताना उष्णता बरोबर घेऊन जातो. लाल फेस उसळून वर आला, आणि आतला पारा १९ वरून १५ वर उतरला.